किती भरलं?

लेक जन्मली त्या संध्याकाळी फोनवर प्रत्येकाने दोनच गोष्टी विचारल्या. दोघी सुखरूप आहेत ना, आणि किती भरली? मी सांगत होतो, तीन किलो एकशेवीस. पलीकडून समाधानाचा हुंकार यायचा. तीनच्या वर म्हणजे उत्तमच. ऐकताना माझाही ऊर भरून यायचा, जणू आम्ही काही मिळवलं होतं. आपल्या भाषेत वजन भरतं. रांजण भरावा, कणगी भरावी तसं बाळही भरतं, आणि काल भरलेलं आज कमी झालं असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती २९८० ग्रॅम भरली.

सिस्टरनी आकडा कागदावर लिहिला आणि बाळाला गुंडाळायला घेतलं. मी म्हटलं, "सिस्टर, कालच्यापेक्षा कमी आलंय." त्या मान वर न करता म्हणाल्या, "कमी होतंच. सगळ्यांचंच होतं." आणि पुढच्या खोलीत गेल्या. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. पण नऊ महिने इतक्या तपासण्या झाल्या, इतकी माहितीपत्रकं हातात आली, त्यांत हे एक वाक्य आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आधी कळलं असतं तर पुढचे दोन आठवडे वेगळे गेले असते असं मला आजही वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बाळ पोटात पाण्यात वाढतं आणि जन्मताना अंगात जास्तीचं पाणी घेऊन येतं. नवजात बाळाच्या वजनातला जवळजवळ पाऊण हिस्सा पाण्याचाच असतो. बाहेर आल्यावर मूत्रपिंडं हे जास्तीचं पाणी काढून टाकायला लागतात, श्वासावाटे आणि त्वचेवाटे आणखी थोडं उडतं. आतड्यांत साठलेली ती काळी, डांबरासारखी चिकट शी पहिल्या दोन-तीन दिवसांत बाहेर पडते. यातली प्रत्येक गोष्ट बाळाचं शरीर नीट चालू झाल्याची खूण आहे, आणि प्रत्येक गोष्टीने वजन उतरतं. त्या बदल्यात पोटात काय जातं, तर चीकदूध, पहिल्या दिवसभरात मिळून काही चमचे. ते थोडंच यायचं असतं. दाट, पिवळसर, प्रतिपिंडांनी भरलेलं असतं ते. अंग भरायचं काम त्याच्याकडे नाही, रोगांपासून राखायचं आहे. भरपूर दूध उतरायला दोन ते पाच दिवस लागतात, पहिलटकरणीला आणि सिझेरियन झालेल्या बाईला कधी थोडे जास्त.

म्हणून बहुतेक बाळं जन्माच्या वजनाच्या पाच ते सात टक्के गमावतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तळ गाठतात, मग चढू लागतात, आणि दहा ते चौदा दिवसांत जन्मवजनाला परत येतात. घट दहा टक्क्यांच्या पलीकडे गेली तर थांबून नीट बघायचं असतं. एवढंच आहे हे. चार ओळींत मावतं. या चार ओळी प्रत्येक बाळाच्या कागदावर सगळ्यात वर छापायला हव्यात.

आमचं सिझेरियन होतं. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर बायकोला सलाइन लागलं होतं. आईला बाळंतपणात बरंच सलाइन दिलं गेलं की त्यातलं पाणी बाळाच्याही अंगात जातं, जन्माचा आकडा थोडा फुगतो आणि पुढची घट आहे त्याहून मोठी दिसते. या कारणाने काही तज्ज्ञ जन्मानंतर चोवीस तासांनी घेतलेल्या वजनापासून मोजायला सुचवतात. २०१५ मध्ये अमेरिकेत उत्तर कॅलिफोर्नियातल्या एक लाखाहून अधिक बाळांच्या नोंदींवरून, कितव्या तासाला किती घट दिसते याचे आलेख तयार झाले. निव्वळ आईच्या दुधावर असलेल्या, सिझेरियनने जन्मलेल्या बाळांपैकी चौथा हिस्सा बहात्तर तासांपर्यंत दहा टक्क्यांच्या पुढे गेलेला होता. चौथा हिस्सा! हा आकडा मला त्या वॉर्डात कुणी कानात सांगितला असता तर मी रात्री झोपलो असतो.

माझ्याकडे त्या दिवसांत एकच काम होतं. दूध पाजणं माझ्या हातात नव्हतं, टाके माझे नव्हते. मी एक दोनशे पानी वही आणली, रेघा मारल्या आणि लिहायला लागलो. तारीख, वेळ, किती मिनिटं प्यायली, वजन. व्यवस्थित अक्षर काढत होतो. बायको पलंगावरून बघत असायची.

तिसऱ्या दिवशी २८५०. चौथ्या दिवशी सकाळी मी काट्याशेजारीच उभा होतो. सिस्टरनी काट्याच्या ताटलीवर मऊ फडकं अंथरलं, शून्याचं बटण दाबलं, मग बाळाचे सगळे कपडे उतरवले. पाठ टेकताच तिचे दोन्ही हात एकदम बाहेर फेकले गेले, बोटं फाकली आणि मग सावकाश छातीशी आली, पडताना काही पकडायला जावं तशी. आकडा नाचत होता. २८१०, २७७०, २७९५. सिस्टरनी तिच्या पोटावर तळहात न टेकवता नुसता धरला, त्या हाताच्या उबेने ती निवली आणि काटाही निवला. २७९०.

मी मोबाइलवर भागाकार केला. ३३० ग्रॅम कमी, साडेदहा टक्क्यांच्या थोडं वर. खोलीत येऊन तो आकडा मी मोठ्याने वाचला.

बायको काही बोलली नाही. तिने ब्लाउजचं बटण लावलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. सासूबाईंनी मला डोळ्यांनी खुणावलं, पण मला कळलं नाही. मला वाटलं तिला झोप आलीय.

त्याच सकाळी लंगोट बदलताना त्यावर विटकरी रंगाचा डाग दिसला. रक्त असेल म्हणून आमची धांदल उडाली. डॉक्टर आल्या, त्यांनी लंगोट उजेडात धरून पाहिला. लघवी दाट झाली की त्यातल्या युरेटच्या स्फटिकांचा असा डाग पडतो. पहिल्या एक-दोन दिवसांत त्यात विशेष काही नसतं. चौथ्या दिवशीही तो दिसत असेल तर दूध पुरेसं पोहोचत नाहीये असं समजायचं. त्यांनी शू किती वेळा झाली विचारलं. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत जाऊन पाच दिवसांनंतर दिवसाला सहा किंवा जास्त व्हायला हवी. शी काळी आहे की हिरवट की पिवळी, हे विचारलं. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत ती पिवळी व्हायला लागते. माझ्या वहीत यातलं काहीच नव्हतं. वजन होतं, तेही दशांशासह टक्केवारी काढून, पण शूचा रकानाच नव्हता.

मग त्यांनी बाळाची कातडी बोटाने दाबून कावीळ पाहिली, रक्त तपासायला पाठवलं, आणि बायकोला म्हणाल्या, "आता पाजून दाखवा मला." पाच मिनिटं त्या नुसत्या बघत बसल्या. माझ्या आठवणीत त्या मुक्कामातली सगळ्यात मोलाची पाच मिनिटं ती. बाळाने फक्त बोंड तोंडात धरलं होतं. गाल आत जात होते, चोखण्याचा आवाज येत होता, गिळण्याचा येत नव्हता. डॉक्टरांनी बाळाचं पोट आईच्या पोटाला लागेल असं वळवलं, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायला सांगितलं, आणि मग बोंडाभोवतीचा काळा भागही तोंडात जाईल असं जवळ घेतलं. दोन-तीनदा निसटलं. चौथ्यांदा जबड्याची हालचाल बदलली. ओढ, ओढ, थांब. त्या थांबण्यात बारीकसा 'क्' ऐकू आला. "हा ऐकला? हा घोट," त्या म्हणाल्या.

जाताना त्यांनी सांगितलं ते मी शब्दशः लिहून ठेवलंय. "दहाच्या पुढे गेलंय म्हणजे घाबरायचं नाही आणि सोडूनही द्यायचं नाही. दर दोन-तीन तासांनी उठवून पाजा, पिऊन झाल्यावर हाताने दूध काढा आणि वाटी-चमच्याने द्या. उद्या सकाळी परत बघू."

सोडूनही द्यायचं नाही, हे महत्त्वाचं. पोटात दूध न गेलेलं बाळ नेहमी रडून सांगतंच असं नाही. ते झोपतं. घरच्यांना वाटतं किती गुणी बाळ, त्रास म्हणून देत नाही. अंगातलं पाणी कमी होऊन रक्तातलं सोडियम वाढत गेलं तर बाळ अधिकच सुस्त होतं, सुस्त बाळ अधिकच कमी पितं, आणि हे चक्र जिवावर बेतू शकतं. अशा वेळी काट्याचा आकडाच पहिला इशारा देतो. वजन करूच नका, सगळं निसर्गावर सोडा, असं सांगणारे भेटले की मला तो विटकरी डाग आठवतो. त्या दिवशी वजन झालं नसतं तर डॉक्टर खोलीत येऊन पाच मिनिटं बसल्या नसत्या.

पाचव्या दिवशी २८१५. रात्रीच पान्हा फुटला होता, चादरीपर्यंत भिजलं होतं सगळं, आणि बायको पहाटे तीन वाजता मला उठवून म्हणाली, "अरे बघ, बघ ना." आयुष्यात इतक्या आनंदाने मी ओली चादर कधी बदलली नव्हती.

सातव्या दिवशी दवाखान्यात २८८०. इथपर्यंत सगळं ठीक होतं. बिघडलं ते घरी.

एका मित्राने त्याच्याकडचा बाळाचा डिजिटल काटा आणून दिला. आठव्या दिवशी सकाळी मी मोठ्या उत्साहाने लेकीला त्यावर ठेवलं. २८३०. परत ठेवलं. २८३०. एका दिवसात पन्नास ग्रॅम कमी. मी वहीत लिहिलं आणि समोर खाली जाणारा बाण काढला. तो बाण मी का काढला असेन, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला.

त्या रात्री बायको अंधारात बसून दूध काढत होती आणि रडत होती. मी दिवा लावायला गेलो तर म्हणाली, "नको लावूस." मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "तू मला रोज मार्क सांगतोस."

मी म्हटलं, "अगं, मी बाळाचं वजन सांगतो."

"वजन बाळाचं," ती म्हणाली. "निकाल माझा."

मला उत्तर सुचलं नाही. चार दिवसांपूर्वी तिने भिंतीकडे तोंड केलं होतं ते झोप आली म्हणून नव्हतं, हे मला त्या अंधारात कळलं. काट्यावर बाळ होतं आणि मी आकडा मोठ्याने वाचत होतो, पण ज्या शरीरातून दूध येत होतं, ज्याला टाके होते, जे रात्रभर जागत होतं, ते शरीर तो आकडा स्वतःबद्दल ऐकत होतं. घरात दुसरं कुणी काही बोलत नव्हतं असंही नाही. बघायला येणारं कुणीतरी बाळ हातात घेऊन सहज म्हणून जायचं, "अजून बाळसं धरलं नाही गं." म्हणणारं निघून जायचं, शब्द घरातच राहायचा.

दहाव्या दिवशी दवाखान्यात जायचं होतं. निघण्याआधी मी घरी वजन केलं, २९१०. तासाभराने तिथे २९७०. दोन आकडे एकाच बाळाचे, एकाच सकाळचे. घरी आल्यावर मी एक किलोचे दोन बंद पुडे काट्यावर ठेवले. १९६०. काटा शेकडा दोन कमी दाखवत होता. इतकं साधं. जे पन्नास ग्रॅम गेले म्हणून एक बाई रात्रभर रडली, ते गेलेच नव्हते.

मी ते पुडे तसेच काट्यावर ठेवून तिला बोलावलं. तिने आकडा पाहिला. माझ्याकडे पाहिलं. मी माफी मागितली. मग आम्ही दोघं जमिनीवर बसून पहिल्यांदा एकत्र हिशेब केला, आणि त्या हिशेबाने माझी समजूतच बदलली.

हिशेब असा. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला साधारण वीस ते तीस ग्रॅम वाढतं. आता त्या वयाची बाळं एका वेळी पितात किती? पन्नास-साठ मिलिलिटर, म्हणजे तितकेच ग्रॅम. एक शू वीसेक ग्रॅमची. एक शी आणखी काही. भिजलेला डायपर कोरड्यापेक्षा कितीतरी जड. म्हणजे काल पिऊन झाल्यावर वजन केलं आणि आज पिण्याआधी केलं, तर दोन दिवसांची खरी वाढ त्या एका फरकात बुडून जाते आणि वर घट दिसते. रोजची वाढ जेवढी, त्याहून रोजची गडबड मोठी. रोज वजन करणारा माणूस बाळ मोजत नसतो, त्याच्या पोटात त्या घडीला किती दूध आणि किती शू आहे ते मोजत असतो. आठवडा जाऊ द्या, वाढ दीड-दोनशे ग्रॅमची होते आणि गडबड तेवढीच राहते. मग आकड्याला अर्थ येतो. काटा तोच हवा, बाळ उघडं हवं, वेळ शक्यतो तीच हवी, आणि मध्ये आठवड्याचं अंतर हवं.

काही बाळांना मात्र हे लागू नाही. दवाखान्यात आमच्या शेजारच्या खोलीतल्या बाईचं बाळ बत्तिसाव्या आठवड्यात आलेलं होतं, १४८० ग्रॅम. अशी बाळं सुरुवातीला टक्क्यांनी जास्त गमावतात, परतायलाही त्यांना जास्त दिवस लागतात. त्यांचं दूध, त्यांची औषधं रोजच्या वजनावर ठरतात, म्हणून तिथे रोजचा काटा हवाच. त्या बाळाचे वडील मला जिन्यात भेटले होते. डोळे लाल, दाढी वाढलेली. "आज पंधरा ग्रॅम वाढलं," ते म्हणाले, आणि अंगठा आणि तर्जनी यांत चिमूटभर अंतर धरून दाखवलं. त्यांची बायको दिवसातले कित्येक तास बाळाला उघड्या छातीशी बांधून बसायची, कांगारू पद्धतीने. १९७८ मध्ये कोलंबियात, बोगोटातल्या एका रुग्णालयात इन्क्युबेटर अपुरे पडत होते, तेव्हा एडगर रे या डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली. आज ती जगभर वापरतात. आईच्या अंगाची ऊब मिळाली की बाळाला स्वतःची ऊब टिकवायला शक्ती घालवावी लागत नाही, ती वाढीला लागते. त्या गृहस्थांच्या चिमटीतलं ते अंतर मी विसरणार नाही.

मग मी या वजनाच्या मागेच लागलो. बाळाला काट्यावर ठेवायची पद्धत तशी फार जुनी नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या मोठमोठ्या वैद्यांच्या ग्रंथांत नवजात बाळाचं वजन खऱ्याच्या दुपटीच्या आसपास लिहिलेलं सापडतं. कुणी ठेवून पाहिलंच नव्हतं. जर्मनीतल्या गटिंगेन इथल्या योहान गेऑर्ग रोडरर या प्रसूतितज्ज्ञाने बाळं खरोखर तोलली तेव्हा तो गैरसमज दूर झाला. १८९२ मध्ये पॅरिसमधल्या शारिते रुग्णालयात पिएर ब्युदँ या डॉक्टरांनी तान्ह्या बाळांचा एक नेमाचा तपासणी वर्ग सुरू केला. बाळंत होऊन गेलेल्या आयांनी बाळाला घेऊन पुन्हा पुन्हा यायचं, बाळाचं वजन व्हायचं, आणि आईला पाजण्याबद्दल सल्ला मिळायचा. त्या काळी तिथे तान्ही बाळं जुलाबांनी मोठ्या संख्येने दगावत होती. वजन केल्यावर आईशी बोलायचं, हा त्या वर्गाचा गाभा मला फार आवडतो. काटा आईला बोलावून घेण्यासाठी होता, आणि आली की तिच्यासाठी माणूस बसलेला होता.

पुढे आलेख आले आणि त्यांच्याबरोबर नवी दुखणी आली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून जगभर ज्या आलेखाची शिफारस केली, त्यातली लहान बाळं एकाच देशातली, अमेरिकेतली होती आणि बरीचशी बाटलीच्या दुधावर वाढलेली होती. अंगावर पिणारं बाळ पहिले दोन-तीन महिने झपाट्याने वाढतं आणि मग बाटलीच्या बाळापेक्षा थोडं सावकाश. त्या आलेखावर ते चौथ्या महिन्यानंतर मागे पडल्यासारखं दिसायचं. किती आयांना या एका रेघेमुळे 'तुमचं दूध पुरत नाही, वरचं सुरू करा' असं सांगितलं गेलं असेल! दूध पुरत होतं, चुकीची होती ती रेघ. संघटनेने मग १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत सुमारे साडेआठ हजार मुलं मोजली. आईच्या दुधावरची, तंबाखूच्या धुरापासून दूर असलेली, नीट काळजी घेतली जाणारी. त्यांतून दिसलं की पोषण आणि काळजी सारखी मिळाली तर या इतक्या वेगळ्या देशांतली मुलं सुरुवातीच्या वर्षांत जवळजवळ सारखीच वाढतात. २००६ मध्ये नवे आलेख आले. त्यांत अंगावर पिणारं बाळ हेच माप धरलं. बायकोला मी हे वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं सगळ्या जणी नापास होत होत्या."

त्या आलेखावर आमची लेक महिन्याची झाली तेव्हा ३६४० ग्रॅमवर होती, पंधराच्या रेषेला लागून. जन्मली तेव्हा पन्नासच्या जरा खाली होती. माझं जुनं मन लगेच म्हणालं, पन्नासवरून पंधरावर! पण पर्सेंटाइल म्हणजे मार्क नव्हेत, हे डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं. त्याच वयाच्या शंभर निरोगी मुली वजनाप्रमाणे ओळीत उभ्या केल्या तर ही हलक्या बाजूने पंधरावी. पंधरावी मुलगीही निरोगी, पंचाऐंशीवीही निरोगी. ओळ करायची म्हटली की कुणीतरी पंधरावं असणारच. जन्माचं वजन पोटातली परिस्थिती सांगतं. बाहेर आल्यावर पहिल्या महिन्यांत बाळ हळूहळू स्वतःच्या वाटेला लागतं. डॉक्टर बघतात ती ही वाट. बाळ आपल्या रेषेला धरून चाललंय का? एका रेषेवरून खालच्या रेषेवर, तिथून आणखी खालच्या, असं घसरत तर नाही ना? घसरत असेल तर कारण शोधायचं, दुधात, आजारात, जिथे असेल तिथे. एकटा ठिपका काही सांगत नाही. दुसरा पडला की दिशा कळते, तिसऱ्यानंतर बोलता येतं. तीन महिन्यांना ५२१०, सहा महिन्यांना ६४८०. ठिपके पंधराच्या रेषेला बिलगून चढत गेले.

ती जन्मवजनाला परतली ते सोळाव्या दिवशी, ३१४०. चौदाव्या दिवशी ३०९० होती आणि आम्ही दोघांनी ठरवून त्या तीस ग्रॅमची काळजी केली नाही, कारण शू दिवसाला आठ वेळा होत होती, शी मोहरीसारखी पिवळी होती, आणि ती पिऊन झाल्यावर मूठ सोडून द्यायची. या मुठीबद्दल सांगायला हवं. भुकेलं बाळ मुठी आवळून येतं. पिताना पाच-सात मिनिटांनी बोटं एकेक करून उलगडतात, आणि शेवटी हात आईच्या अंगावर पालथा पडतो, जड, मऊ, कुणी उचलला तर परत तसाच पडेल असा. हे मला सासूबाईंनी दाखवलं. आदल्या दिवसांत मी घड्याळाकडे बघत असायचो, त्या मात्र बाळाच्या हाताकडे बघत असायच्या. त्यांनी एकदाही आकडा विचारला नव्हता हे मला तेव्हा लक्षात आलं.

मित्राचा काटा मी परत केला, दोन टक्के कमी दाखवतो असं सांगून. वहीचे रकाने बदलले. शू, शी, मूठ. हा शेवटचा रकाना बायकोने काढला, आणि तिथून पुढे अक्षर तिचं आहे. वजनाचा रकाना शेवटी गेला, तो महिन्यातून एकदा भरायचा. काही महिने कोराच आहे.

वर्षाची झाली तेव्हा आम्ही लसीला गेलो. सिस्टरनी तिला बसायच्या काट्यावर ठेवलं. ती क्षणभर बसली, मग कडेला धरून उभी राहिली आणि समोर लुकलुकणाऱ्या लाल आकड्यांवर थापट्या मारायला लागली. आकडे पळायला लागले. ७९००, ८२००, ७६००. सिस्टर म्हणाल्या, "बस गं राणी, एक मिनिट बस." ती खाली बसवली की उभी राहायची. तीनदा झालं, चारदा झालं. मागे रांग वाढत होती. बायको हसत होती, तिला सावरायला पुढे केलेला हात मागे घेत होती, परत पुढे करत होती.

वहीत त्या तारखेपुढे तिच्या अक्षरात लिहिलंय, ८०४०, आणि पुढे, अंदाजे. बसेचना.